मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची फलनोंद : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या निमित्ताने

रुग्णांची नोंदवही हा विषय वैद्यकाचा, फार तर संख्याशास्त्राचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न या पत्रिकेच्या वाचकांना पडणे स्वाभाविक होय. त्याचे उत्तर असे, की नोंदवही ही मूलतः एक भाषिक कृती आहे. म्हाताऱ्या माणसाच्या अंधुक नजरेचे तीत एका अपूर्णांकात रूपांतर होते. चारचौघांत हाकेने ओळखल्या जाणाऱ्या बाईचे तीन रकान्यांच्या नावात रूपांतर होते. आणि 'आता जरा बरं दिसतं' या उत्तराचे एका खुणेत. या तिन्ही रूपांतरांत काय टिकते आणि काय गळते हे तपासण्यासारखे आहे; कारण जे गळते त्याच्या मागे बहुधा एक न दिसणारा डोळा असतो.

विवेचनासाठी ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके डोळ्यांपुढे ठेवले आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा उरलेल्या ठाणे जिल्ह्यात सात तालुके राहिले. त्यांपैकी सह्याद्रीच्या पायथ्याचे हे दोन तालुके विस्ताराने मोठे आणि वस्तीने विरळ आहेत. २०११ च्या जनगणनेत शहापूरची लोकसंख्या सुमारे ३ लाख १४ हजार आणि मुरबाडची सुमारे १ लाख ९० हजार होती. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या वाड्या-पाड्यांनी हा मुलूख भरलेला आहे. भातसा आणि तानसा यांचे पाणी या भागातून मुंबईस रोज बिनचूक पोहोचते. मुंबई-ठाण्याकडे शस्त्रक्रियेसाठी गेलेल्या माणसाची बातमी मात्र उलट दिशेने तितक्या बिनचूकपणे पोहोचेल असे नाही. जिल्ह्याच्या विभाजनाचा नोंदींवरही परिणाम झाला आहे. २०१४ पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याच्या आकड्यांत जव्हार, मोखाडा, डहाणू हे तालुके मिसळलेले आहेत; सबब अलीकडील व पलीकडील आकड्यांची तुलना करू पाहणाऱ्याने प्रथम तालुकावार नोंदी हाती घ्याव्यात, हे उत्तम.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्याच्या आतील नैसर्गिक भिंग गढूळ होणे. सुश्रुताने उत्तरतंत्रात वर्णिलेली क्रिया हे गढूळ भिंग सळईने दृष्टिमार्गातून खाली ढकलण्याची होती. भिंग डोळ्यातच राही. फिरत्या वैदूंच्या हाती हीच क्रिया शतकानुशतके चालू होती. मद्रासच्या नेत्ररुग्णालयातील रॉबर्ट हेन्री इलियट यांनी अशा क्रियेतून गेलेले सातशेहून अधिक डोळे तपासून १९१७ साली लंडन येथे त्यावर व्याख्याने दिली. आपल्या विषयाच्या दृष्टीने हे प्रकरण बोधप्रद आहे. वैदू पैसे घेऊन दुसऱ्या गावी गेलेला असे. रुग्णाला क्षणभर दिसले, एवढेच त्याने पाहिलेले असे. पुढे डोळा सुजला, दुखला, गेला, हे त्याच्या हिशेबात कधी येतच नसे. उलट इलियट यांच्या रुग्णालयात जे डोळे आले ते बहुतांशी बिघडलेले. ज्यांचे बरे चालले होते ते कशाला येतील? एकाला केवळ यश दिसत होते, दुसऱ्याला प्रामुख्याने अपयश. दोघांजवळही शस्त्रक्रिया झालेल्या सर्वांची यादी नव्हती. फलनोंदीच्या शास्त्राचा सारा प्रपंच या एका यादीसाठी आहे असे म्हणावयास हरकत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात मोतीबिंदूचा हिशेब प्रामुख्याने संख्येचा राहिला. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत जो प्रकल्प चालला त्यात महाराष्ट्र होता. उघड्यावरच्या तात्पुरत्या शिबिरांतील शस्त्रक्रिया मागे पडून गावी केवळ तपासणी व निवड करावयाची आणि शस्त्रक्रिया सुसज्ज रुग्णालयातच करावयाची, ही पद्धत रूढ झाली. जाड काचांच्या चष्म्याऐवजी डोळ्यात कृत्रिम भिंग बसू लागले. २०२२ साली साथीच्या काळात साचलेल्या शस्त्रक्रिया निकालात काढण्यासाठी देशव्यापी नेत्रज्योती अभियान निघाले. या सर्व प्रयत्नांचे यश 'इतक्या लक्ष शस्त्रक्रिया' या शब्दांत सांगितले जाते. पण शस्त्रक्रिया हे साधन आहे. साध्य दिसणे हे आहे. दोहोंमधील अंतर मोजावयाचे तर गावनिहाय अंधांची नोंदवही आणि रुग्णालयातील शस्त्रक्रियेची नोंदवही या दोन वह्या एकमेकींशी बोलल्या पाहिजेत. पहिली वही ठेवण्याची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमात आहेच. दुसरी प्रत्येक रुग्णालयात असते. अडचण त्यांच्या संभाषणात आहे.

प्रथम मोजमापाची भाषा पाहू. नजर ६/६०, ६/१८, ६/६ अशा अपूर्णांकांनी लिहितात. निरोगी डोळ्याला जे अक्षर ६० मीटरांवरून वाचता येते ते वाचण्यास ज्याला ६ मीटरांवर यावे लागते त्याची नजर ६/६०. निरक्षर रुग्णासाठी एकाच रोमन अक्षराची तोंडे चार दिशांना फिरवलेला तक्ता वापरतात; रुग्णाने हाताने दिशा दाखवावयाची. त्याहूनही नजर कमी असेल तर 'बोटे मोजता येतात', 'हाताची हालचाल कळते', 'उजेड कळतो' अशा पायऱ्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ च्या विचारविनिमयात शस्त्रक्रियेनंतरच्या फलाचे तीन वर्ग ठरले: ६/१८ किंवा त्याहून चांगली नजर हे 'चांगले' फल, ६/१८ पेक्षा कमी परंतु ६/६० पर्यंत हे 'मध्यम', आणि त्याखालील 'वाईट'. रुग्णाजवळ जो चष्मा असेल त्यासह निदान ८० टक्के डोळे चांगल्या वर्गात असावेत, आणि वाईट वर्गात ५ टक्क्यांहून कमी, अशी अपेक्षा ठेवण्यात आली. २०२१ साली जागतिक आरोग्य सभेने 'परिणामकारक शस्त्रक्रिया-व्याप्ती' हे मान स्वीकारले. त्यात चांगल्या फलाची मर्यादा ६/१२ पर्यंत उंचावली आहे. म्हणजे जुन्या वहीत यशस्वी ठरलेला डोळा नव्या वहीत तसा ठरेलच असे नाही.

संज्ञेची व्याख्या बदलली की वस्तुस्थिती बदलल्याचा भास होतो, हे भाषेच्या अभ्यासकास नवे नाही. भारतात २०१७ पर्यंत ६/६० पेक्षा कमी नजर असणारा 'अंध' गणला जाई. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय व्याख्येशी मेळ घालून ही रेषा ३/६० वर आणली गेली. २००६–०७ च्या पाहणीत अंधत्वाचे प्रमाण सुमारे १ टक्का होते. २०१५–१९ च्या पाहणीत ते ०.३६ टक्के आले. या घसरणीत खऱ्या सुधारणेचा वाटा आहेच; परंतु ३/६० आणि ६/६० यांच्या दरम्यानची माणसे नव्या पाहणीत 'तीव्र दृष्टिदोष' या वेगळ्या नावाखाली मोजली गेली आहेत, आणि त्यांचे प्रमाण जवळजवळ तितकेच आहे. मुरबाडच्या एखाद्या वाडीवरील आजोबांना २०१६ साली जितके दिसत होते तितकेच २०१८ साली दिसत असेल; पण मधल्या काळात ते अंधांच्या यादीतून बाहेर पडले. फलनोंदीच्या वहीत म्हणूनच वर्गाचे नाव न लिहिता मोजलेला अपूर्णांकच लिहावा. नाव पुढे कधीही देता येते; नाव लिहून आकडा टाकून दिला तर तो परत मिळत नाही.

दुसरी गोष्ट गणनेच्या एककाची. शस्त्रक्रिया डोळ्याची होते, अंधत्व माणसाचे असते. दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षात किती शस्त्रक्रिया झाल्या हा जो दर सर्वत्र दिला जातो तो डोळे मोजतो. एका डोळ्याने व्यवस्थित दिसणाऱ्या शहरवासी गृहस्थाचा दुसरा डोळा आणि दोन्ही डोळ्यांनी आंधळ्या झालेल्या ठाकूरवाडीतील म्हातारीचा पहिला डोळा, दोघांना त्यात समान किंमत. स्त्रियांच्या वाट्याला शस्त्रक्रिया कमी येते हे देशातील अनेक पाहण्यांत दिसून आले आहे. तेव्हा डोळा, माणूस आणि शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही डोळ्यांची नजर या तीन गोष्टी एकाच ओळीत असल्याखेरीज वही काहीच सांगत नाही असे समजावे. राष्ट्रीय सरासरी या दोन तालुक्यांस जशीच्या तशी लावणे शास्त्रीय नव्हे. तथापि केवळ आवाका कळावा म्हणून सांगायचे तर पाच लाखांच्या वस्तीत ०.३६ टक्के म्हणजे सुमारे अठराशे माणसे होतात. त्याच पाहणीनुसार पन्नाशीपुढील अंधांपैकी सुमारे दोनतृतीयांशांचे अंधत्व मोतीबिंदूमुळे आहे. एवढी माणसे नावानिशी माहीत असणे अशक्यप्राय नाही.

आता मुख्य अडचणीकडे येतो. शस्त्रक्रियेनंतर डोळा स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. अंतिम नजर सुमारे सहा आठवड्यांनी मोजावी असा संकेत आहे. त्या वेळी किती रुग्ण परत येतात? एक काल्पनिक हिशेब करू. शंभर शस्त्रक्रिया झाल्या, साठ रुग्ण परत आले, त्यांपैकी चौपन्न जणांची नजर चांगली निघाली. अहवालात '९० टक्के यश' असे लिहिले जाते. वास्तविक उरलेल्या चाळीसांविषयी आपणास काहीही ठाऊक नाही. ते सर्व चांगले पाहत असतील तर यश ९४ टक्के; एकालाही नीट दिसत नसेल तर ५४ टक्के. सत्य या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे, आणि न आलेले रुग्ण आलेल्यांसारखेच असतील असे मानण्यास आधार नाही. कोणी बरे दिसते म्हणून येत नाही, कोणी दिसत नाही म्हणून कंटाळून येत नाही, कोणी वारलेला असतो. शहापूर-मुरबाड भागात याला आणखी एक कारण आहे, आणि ते ऋतुमानाशी बांधलेले आहे. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामास जातात ती पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. घरातील म्हाताऱ्यांना कधी बरोबर नेतात, कधी मागे ठेवतात. मोतीबिंदूच्या तपासणीचा हंगामही पूर्वापार हिवाळ्याचाच. उन्हाळ्यात व पावसात डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेऊ नये असा समज आजही पुष्कळांच्या मनात आहे, जरी आजच्या पद्धतीत त्याला आधार उरलेला नाही. मार्गशीर्षात शस्त्रक्रिया झाली आणि पौषात भट्टीवर गेला, की सहा आठवड्यांचा रकाना कोरा राहतो. पुढे आषाढात भातलावणी, जिला या भागात आवणी म्हणतात, ती सुरू झाली की घरातले कोणी म्हाताऱ्याला घेऊन एस. टी.ने रुग्णालयात जाण्यास मोकळे नसते.

या कोऱ्या रकान्यावर दोन उपाय सुचविले गेले आहेत, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. २०१३ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात दहा देशांतील ४० रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत, रुग्ण घरी जाण्यापूर्वी, सर्वांची नजर मोजली. चाळीस किंवा अधिक दिवसांनी पुन्हा मोजली. न आलेल्यांचा शोध घेऊन त्यांचीही मोजली. रुग्णालयांचा गुणानुक्रम पहिल्या मोजणीवरून लावला काय किंवा नंतरच्या मोजणीवरून लावला काय, तो बराचसा जुळतो असे आढळले. याचा अर्थ असा, की 'आमच्या रुग्णालयाचे काम कसे चालले आहे' या प्रश्नासाठी सहा आठवडे थांबावयास नको. सर्व रुग्ण हाताशी असतात त्याच दिवशी मोजावे. परंतु या निष्कर्षाचा गैरवापर संभवतो. तो रुग्णालयाविषयी आहे, रुग्णाविषयी नव्हे. अमुक आजीबाईंना तिसऱ्या दिवशी कमी दिसत होते म्हणून पुढेही कमीच दिसेल, किंवा उलट, असे त्यावरून म्हणता येत नाही. आजीबाईंसाठी त्यांच्या वाडीवर जाणे भागच आहे.

दुसरा उपाय स्वीडनचा. तेथील राष्ट्रीय मोतीबिंदू-नोंदवही १९९२ पासून चालू आहे. देशातील जवळजवळ सर्व शस्त्रक्रियांची थोडकी माहिती तीत येते. सविस्तर फलनोंद मात्र वर्षातील एकाच महिन्याची, मार्चची, घेतली जाते. सर्वांची अर्धवट चौकशी करण्यापेक्षा थोड्यांची पुरी चौकशी करावी, हे तत्त्व आपणही स्वीकारण्यासारखे आहे. परंतु महिना उचलता येणार नाही. स्वीडनचा मार्च आणि शहापूरचा मार्च यांत केवळ थंडीचा फरक नाही. मार्चमध्ये आपली अर्धी कातकरवाडी भट्टीवर असते, आणि त्या महिन्यात सापडणारी माणसे म्हणजे स्थिर घरादाराची माणसे. येथे वर्षभराच्या वहीतील दर दहावी ओळ घ्यावी आणि त्या माणसाला, तो भिवंडी-कल्याणच्या भट्टीवर असला तरी, शोधून काढावे, हे अधिक न्याय्य ठरेल. असा दहावा माणूस शोधणे खर्चाचे आहे. पण चाळीस टक्के कोऱ्या रकान्यांवर उभारलेला अहवाल छापणे हाही खर्चच आहे.

स्वीडनच्याच नोंदवहीचे आणखी एक कार्य सांगण्यासारखे आहे. शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत होणारा जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर डोळा जाण्याचा संभव मोठा. एकेका शल्यचिकित्सकाच्या अनुभवात तो इतक्या विरळ येतो की त्यावरून काही शिकता येत नाही. तेथील काही रुग्णालयांनी शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात सेफ्युरोक्झिम हे औषध सोडण्यास प्रारंभ केला. नोंदवहीतील लाखो ओळी एकत्र केल्यावर फरक दिसू लागला, आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीने या उपायाने संसर्ग सुमारे पाच पटींनी घटतो हे दाखवून दिले. एकट्या डॉक्टरला न दिसणारी गोष्ट वहीला दिसते ती अशी. अर्थात यासाठी वही वेळेवर भरलेली हवी. नोव्हेंबर २०१४ मध्ये पंजाबातील घुमान येथे भरलेल्या नेत्रशिबिरात शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांची दृष्टी गेली, आणि ही गोष्ट उघडकीस आली ती डिसेंबरात. (संत नामदेवांमुळे हे गाव आपणास परिचित, पुढे एप्रिल २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले.) महिनाअखेरीस एकदम भरली जाणारी नोंदवही अशा प्रसंगी केवळ इतिहास लिहिते.

फल वाईट निघाले तर त्याचे कारणही नोंदले पाहिजे. प्रचलित पद्धतीत चार कारणे धरतात. डोळ्यात आधीच काचबिंदूसारखा वा पडद्याचा विकार असणे, म्हणजे निवडीचा प्रश्न. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेतील गुंतागुंत. योग्य चष्मा न मिळणे. आणि काही काळाने उद्भवणारे विकार. यांतील चष्म्याचे कारण मला सर्वांत लाजिरवाणे वाटते, कारण ते सर्वांत स्वस्तात दूर होते. भिंग बसविण्यापूर्वी डोळ्याची लांबी व बुबुळाची वक्रता मोजून भिंगाचा क्रमांक ठरवावा लागतो. ते न करता सरसकट एकाच क्रमांकाचे भिंग बसविले तर शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही नजर अंधुक राहते. अशा डोळ्याला साधा चष्मा पुरतो. शल्यचिकित्सकांची परस्पर तुलना करताना मात्र सावधगिरी हवी. वाड्यांवरून येणारे मोतीबिंदू अधिक जुने व कठीण असतात. ते हाती घेणाऱ्याचे आकडे सोपे रुग्ण निवडणाऱ्यापेक्षा वाईट दिसणारच. वहीने त्याला शिक्षा केली तर तो पुढच्या वेळी म्हातारीला परत पाठवील, आणि ती परत गेल्याची नोंद कोठेच होणार नाही.

हे मोतीबिंदू इतके जुने का होतात? अंतर, पैसा, सोबत नसणे ही कारणे आहेतच. पण एक कारण भाषेत आहे. आपण मोतीबिंदू 'पिकतो' असे म्हणतो. भिंग अखंड काढण्याची जी जुनी शस्त्रक्रिया होती तिच्या काळात पूर्ण गढूळ होईपर्यंत थांबण्याचा सल्ला दिला जाई, आणि फळाच्या रूपकाने तो लोकांच्या मनात पक्का बसला. शस्त्रक्रिया बदलली, सल्ला बदलला, क्रियापद राहिले. 'अजून पिकला नाही' हे वाक्य उच्चारणाऱ्याला आपण कालबाह्य वैद्यक सांगत आहोत याची जाणीव नसते. तो केवळ मराठी बोलत असतो. तपासणीच्या वेळी 'पिकला' हा शब्द सेवकवर्गाने स्वतः वापरू नये, एवढा साधा नियम केला तरी काही महिने वाचतील असे मला वाटते.

आता नावांविषयी. दोन वह्या एकमेकींशी जुळवावयाच्या तर एकच माणूस दोहोंत ओळखू आला पाहिजे. या शास्त्रास 'नोंद-जुळणी' म्हणता येईल. हॅल्बर्ट डन यांनी १९४६ साली ही कल्पना मांडली आणि १९६९ साली फेलेगी व संटर यांनी तिला गणिती पाया दिला. आपल्या दोन तालुक्यांत ही जुळणी विशेष कठीण आहे. जन्मवारावरून नाव ठेवण्याची रीत आदिवासी समाजात मोठी. सोमी, मंगळी, बुधी, सोम्या, बुध्या ही नावे वाडीवाडीत आहेत. आडनावे मोजकी: कातकऱ्यांत वाघ, मुकणे, पवार, हिलम, ठाकुरांत मेंगाळ, पारधी. वाडीचे नाव सांगावे तर ठाकूरवाडी आणि कातकरवाडी जवळजवळ प्रत्येक महसुली गावाला आहे. वय अंदाजाने सांगितलेले, म्हणून ते साठ, पासष्ट, सत्तर अशा गोल आकड्यांवर साचते. त्यातून वृद्ध स्त्रिया पतीचे नाव घेत नाहीत. ते शेजारीण सांगते, कारकून ऐकतो तसे लिहितो, आणि पुढच्या वेळी शेजारीण दुसरी असते. मधले नाव, जे जुळणीत सर्वांत उपयोगी पडावे, तेच अशा रीतीने सर्वांत अविश्वसनीय होते.

यावर संगणक कळस चढवितो. नावे रोमन लिपीत घातली की 'वाघ' हे आडनाव एका ठिकाणी 'व्ही'ने, दुसऱ्या ठिकाणी 'डब्ल्यू'ने सुरू होते. उच्चारसाम्यावरून नावे एकत्र आणण्याची साउंडेक्स नावाची एक अमेरिकन पद्धत १९१८ पासून प्रचारात आहे. तीत पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवून पुढील स्वर गाळतात. इंग्रजी नावांसाठी ती ठीक असेल, पण तिच्या हिशेबाने आपले दोन 'वाघ' कधीच भेटत नाहीत, आणि स्वर गाळल्यामुळे सोमा व सोमी मात्र एकरूप होतात! स्वरभेदाने लिंगभेद दाखविणाऱ्या भाषेत स्वर गाळणे म्हणजे स्त्री-पुरुष एक करणे. नावे देवनागरीत नोंदवावी, ऱ्हस्व-दीर्घ व ळ-ल यांसारखे भेद जुळणीपुरते सैल धरावे, अंत्य स्वर मात्र कटाक्षाने राखावा, असे मी सुचवीन. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या पाहणीत ठाण्याच्या वारलीचा स्वतंत्र अभ्यास आहे. उच्चारानुसार लेखनातील चुका कोणत्या दिशेने होतील याचा अंदाज बांधण्यास अशी बोलीवर्णने प्रत्यक्ष कामास येतात. हा उपयोग त्यांच्या कर्त्यांच्या मनात नसेल, पण विद्येचे असेच असते.

'आधार क्रमांक लिहा, म्हणजे झाले' असे यावर कोणी म्हणेल. क्रमांक लिहावा हे बरोबर. २०२१ पासून चौदा अंकी आरोग्य-खाते क्रमांकही आहे. परंतु शेतावर आणि भट्टीवर राबलेल्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, आणि बुबुळाभोवतीच्या ज्या नक्षीवरून माणूस ओळखतात ती मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर कधी कधी यंत्राला ओळखू येत नाही. शिवाय क्रमांक सांगण्याच्या भीतीने एकही रुग्ण परत गेला तर वहीचा हेतूच फसला. रुग्णाची संमती त्याला समजेल अशा भाषेत घेणे हे २०२३ च्या व्यक्तिगत विदा-संरक्षण कायद्याच्या आधीपासूनचे कर्तव्य आहे. दूरध्वनीचा क्रमांक बहुधा मुलाचा असतो आणि मुलगा बदलापुरास असतो, हेही ध्यानात ठेवावे. माझ्या मते सर्वांत उपयोगी रकाना 'वाडीत कोणाला विचारल्यास पत्ता लागेल' हा होय. परत येण्याची तारीखही केवळ आकड्यांत देऊ नये. 'म्हशाच्या यात्रेनंतरचा दुसरा बाजार' असे सांगितले तर ती मुरबाडच्या माणसाच्या ध्यानात राहते, कारण पौषी पौर्णिमेची ती यात्रा त्याच्या पंचांगात आधीच आहे.

शेवटचे रूपांतर रुग्णाच्या उत्तराचे. 'दिसतं का?' या प्रश्नाला आपल्याकडील वृद्ध माणूस सहसा 'दिसतं' असेच उत्तर देतो. ते नजरेचे वर्णन नसते, डॉक्टरांविषयीचा आदर असतो. तक्रार नाव बदलून येते, म्हणून ती ऐकावी लागते. 'मोतीबिंदू परत आला' असे रुग्ण म्हणतो, आणि 'मोतीबिंदू परत येत नाही' असे सांगून त्याला घरी धाडले जाते. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. काढलेले भिंग परत येत नाही. परंतु नव्या भिंगामागील पातळ आवरण काही महिन्यांनी वा वर्षांनी गढूळ होऊ शकते, आणि लेसर किरणांनी ते काही मिनिटांत मोकळे करता येते. 'लांबचं दिसतं, सुई ओवता येत नाही' याचा अर्थ जवळचा चष्मा हवा, कारण बसविलेले भिंग नैसर्गिक भिंगासारखे आकार बदलत नाही. 'जाळी दिसते', 'चमक मारते', 'पाणी गळतं' यांतील प्रत्येक शब्दप्रयोगामागे वेगळा विकार असू शकतो. वहीत रुग्णाचे एक वाक्य त्याच्याच शब्दांत लिहिण्याचा रकाना असावा, असा माझा आग्रह आहे. दोनशे अशी वाक्ये जमली तरी तक्रारींचा एक छोटा कोश तयार होईल, आणि तो आशा कार्यकर्तीच्या हाती देता येईल. पदव्युत्तर वर्गाला प्रबंधिकेसाठी हा विषय सुचवून ठेवतो.

नजरेचा दैनंदिन उपयोग मोजण्यासाठी प्रश्नावल्याही आहेत. स्वीडनच्या नोंदवहीसाठी रचलेल्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत वर्तमानपत्र वाचणे, दुकानातील किमती पाहणे, दूरदर्शनवरील मजकूर वाचणे, भरतकाम, ओबडधोबड जमिनीवर चालणे असे विषय आहेत. भारतात २००५ च्या सुमारास रुग्णांशी बोलून तेहतीस प्रश्नांची एक स्वतंत्र प्रश्नावली सिद्ध झाली. तीत सामान्य व्यवहार, मानसिक व सामाजिक परिणाम आणि दृष्टीची लक्षणे असे तीन भाग आहेत. या दोन तालुक्यांसाठी ती जशीच्या तशी घेतली तरी पुष्कळ आहे. पण प्रत्येक प्रश्न बोलीत पारखून घ्यावा लागेल. वाचनाचा प्रश्न निरक्षरास निरर्थक. त्याऐवजी तांदळातील खडे वेचता येतात का, बांधावरून पाय न घसरता जाता येते का, पायवाटेवरचे जनावर वेळेत दिसते का, असे विचारता येईल. 'जनावर' या शब्दाने येथे साप सुचतो की गुरे, हे वाडीगणिक पाहिले पाहिजे. 'समोरचा माणूस ओळखता येतो का?' हा प्रश्न तर वरवर अगदी निर्दोष आहे. परंतु चार-पाच वर्षे अंधुक पाहणारी म्हातारी माणसाला चालीवरून, खोकण्यावरून, बांगड्यांच्या आवाजावरून ओळखते, आणि 'येतो की' असे प्रांजळपणे सांगते. मराठी प्रश्नात 'तो काही बोलण्याआधी' हे तीन शब्द घातले, की उत्तर बदलते.